प्रॉम्सचा पहिला शनिवार-रविवार

जुलैच्या मध्यावर महाराष्ट्रात पावसाने जम बसवलेला असतो. लंडनमध्ये त्याच दिवसांत उन्हाळा असतो आणि रात्री नऊपर्यंत आकाशात उजेड रेंगाळतो. अशाच एका शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्सचा हंगाम सुरू होतो. पुढचे आठ आठवडे, थेट सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे सिम्फनी ऑर्केस्ट्राचं वादन होतं. या सभागृहात एका हंगामात सत्तरच्या आसपास मैफली होतात आणि त्यांतली प्रत्येक मैफल बीबीसीच्या रेडिओ ३ वरून थेट प्रक्षेपित केली जाते. युरोपीय प्रक्षेपण संघामार्फत त्यांतल्या अनेक मैफली इतर देशांच्या रेडिओ केंद्रांवरही पोचतात.

भारतातल्या श्रोत्याला वेळेचं गणित फार सोपं आहे. उन्हाळ्यात ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, त्यामुळे भारत आणि लंडन यांच्यात साडेचार तासांचं अंतर उरतं. बहुतेक मैफली तिथल्या साडेसातच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे बारा. शुक्रवारी आणि शनिवारी जागायला हरकत नसते. पहिल्या शनिवार-रविवारची ही प्रक्षेपणं आवर्जून ऐकावीत, कारण रेडिओ नसता तर प्रॉम्स आज दिसल्या नसत्या.

सुरुवात रेडिओच्या कितीतरी आधीची आहे. लंडनच्या लँगम प्लेस भागात क्वीन्स हॉल नावाचं सभागृह होतं. त्याचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांच्या मनात एक योजना होती. उन्हाळ्यात श्रीमंत मंडळी शहराबाहेर जातात, सभागृह रिकामं पडतं. त्या काळात तिकीट अगदी स्वस्त ठेवायचं, लोकांना उभं राहून, फिरत, खातपीत ऐकू द्यायचं, आधी लोकप्रिय रचना वाजवायच्या आणि हळूहळू त्यांचे कान मोठ्या संगीताकडे वळवायचे. या फिरत्या श्रोत्यांवरूनच 'प्रॉमनेड कॉन्सर्ट' हे नाव आलं आणि पुढे त्याचं 'प्रॉम्स' झालं. संचालनासाठी न्यूमन यांनी हेन्री वूड या सव्वीस वर्षांच्या तरुणाला निवडलं. पैशाची सोय मात्र एका वेगळ्याच माणसाने केली. जॉर्ज कॅथकार्ट हे घशाच्या आजारांचे डॉक्टर होते. त्यांनी दोन अटी घातल्या: सगळ्या मैफलींचं संचालन वूड यांनीच करायचं आणि ऑर्केस्ट्राची पट्टी खाली आणायची. त्या वेळी इंग्लंडमधले ऑर्केस्ट्रा युरोपातल्या इतर देशांपेक्षा बऱ्याच चढ्या पट्टीत वाजत असत आणि त्यापायी गायकांचे घसे ताणले जात. डॉक्टरांकडे येणारे रुग्ण हेच गायक होते. पट्टी बदलायची तर फुंकून वाजवायची वाद्यं नवी घ्यावी लागणार होती, तीही कॅथकार्ट यांनी आपल्या खर्चाने आणवली.

१० ऑगस्ट १८९५ रोजी वाग्नरच्या 'रिएन्झी' या ऑपेराच्या प्रारंभसंगीताने पहिली मैफल सुरू झाली. उभं राहून ऐकण्याचं तिकीट एक शिलिंग होतं. धूम्रपानाला मुभा होती, फक्त गाणं चालू असताना काडी ओढू नये, अशी विनंती होती.

वूड यांनी हा प्रयोग पन्नास वर्षं चालवला. एका माणसाने एवढा काळ, बहुतेक रात्री स्वतः काठी हातात घेऊन, एका शहराच्या श्रवणाची जबाबदारी वाहिल्याचं दुसरं उदाहरण सापडणं अवघड आहे. सोमवारी वाग्नर, शुक्रवारी बेथोवन असे वार त्यांनी लावून दिले, त्यामुळे कारखान्यात किंवा कचेरीत काम करणारा माणूसही आठवड्याचा बेत आखू शकायचा. त्याच श्रोत्यांपुढे ते अगदी नवं संगीतही मांडत. १९१२ साली शोनबर्गच्या पाच वाद्यवृंदरचनांचं जगातलं पहिलं वादन प्रॉम्समध्ये झालं आणि लोकांनी ते हुर्रे करून नव्हे, तर हिस्स करून ऐकलं. पुढच्याच वर्षी वूड यांनी आपल्या ऑर्केस्ट्रात सहा स्त्री-वादकांना घेतलं. मोठ्या व्यावसायिक ऑर्केस्ट्रात स्त्रियांना जागा न मिळण्याच्या त्या काळात ही फार पुढची गोष्ट होती.

पैशाचं रडगाणं मात्र संपलं नाही. १९०२ मध्ये न्यूमन यांचं दिवाळं निघालं. एडगर स्पायर या बँकरने भार उचलला, पण पहिल्या महायुद्धात त्यांच्या जर्मन मुळांमुळे त्यांच्याविरुद्ध वातावरण तापलं आणि त्यांना देश सोडावा लागला. मग चॅपेल या संगीतप्रकाशन कंपनीने प्रॉम्स चालवल्या. १९२६ मध्ये न्यूमन वारले आणि त्या हंगामानंतर चॅपेलनेही हात काढून घेतला. त्या कंपनीचे प्रमुख विल्यम बूझी यांचा रेडिओला कडाडून विरोध होता. घरबसल्या फुकट संगीत मिळू लागलं, तर सभागृहात कोण येणार, ही त्यांची भीती. त्या काळी ही भीती अनेकांना होती आणि वरवर पाहता ती रास्तही वाटते.

झालं नेमकं उलटं. १९२७ साली बीबीसीने प्रॉम्स चालवायला घेतल्या आणि १३ ऑगस्टला पहिली मैफल प्रक्षेपित झाली. क्वीन्स हॉलमध्ये अडीच हजारांच्या आसपास माणसं मावत, आता देशभरातल्या घरांत तीच मैफल ऐकू जाऊ लागली. न्यूमन आणि वूड यांना सामान्य माणसापर्यंत जे न्यायचं होतं, ते एका शहराच्या हद्दीत अडकलं होतं. रेडिओने ती हद्द काढून टाकली. सभागृह रिकामं पडलं नाही. ज्यांनी रेडिओवर एखादी सिम्फनी ऐकली, त्यांना ती समोर बसून ऐकावीशी वाटू लागली. तीन वर्षांनी, १९३० मध्ये, बीबीसीने स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला. आजही प्रॉम्सच्या बऱ्याच मैफलींचा कणा हाच ऑर्केस्ट्रा असतो आणि पहिली रात्रही बहुधा त्याचीच असते.

या सगळ्याची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. १० मे १९४१ च्या दुपारी क्वीन्स हॉलमध्ये एल्गारची 'द ड्रीम ऑफ जेरॉन्टियस' ही रचना सादर झाली. त्याच रात्री जर्मन विमानांनी टाकलेल्या बाँबने सभागृह जळून खाक झालं. आत ठेवलेली लंडन फिलहार्मोनिकच्या वादकांची वाद्यंही गेली. रेडिओवरून आवाहन झालं आणि लोकांनी आपापल्या घरांतली व्हायोलिन, चेलो, बासऱ्या देऊ केल्या. ढिगाऱ्यातून वूड यांचा ब्राँझचा अर्धपुतळा सापडला. प्रॉम्स त्याच वर्षी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हलल्या आणि तो पुतळा आजही दर हंगामात ऑर्गनसमोर ठेवला जातो.

१९४४ च्या उन्हाळ्यात लंडनवर उडते बाँब येऊ लागले. हजारो माणसं एका छपराखाली बसवणं धोक्याचं होतं, म्हणून अल्बर्ट हॉलमधल्या मैफली थांबवल्या गेल्या. बीबीसीचा ऑर्केस्ट्रा तेव्हा बेडफर्ड या गावी मुक्कामाला होता. तिथून वादन चालू राहिलं आणि रेडिओवरून घराघरांत पोचत राहिलं. पंचाहत्तर वर्षांच्या वूड यांनी २८ जुलैला बेडफर्डमध्ये बेथोवनच्या सातव्या सिम्फनीचं संचालन केलं. ते त्यांचं शेवटचं काम ठरलं. १९ ऑगस्टला ते गेले. लंडनचं सभागृह बंद होतं, तरी प्रॉम्स बंद पडल्या नव्हत्या, कारण तोवर त्यांचं अर्धं घर हवेत उभं राहिलं होतं. २०२० मध्ये करोनाच्या साथीतही हेच झालं. आधी जुनी ध्वनिमुद्रणं प्रक्षेपित झाली. मग ऑगस्टच्या अखेरीस ऑर्केस्ट्रा रिकाम्या सभागृहात बसून थेट वाजवू लागला आणि ऐकणारे सगळे घरी होते.

आता अल्बर्ट हॉलविषयी. १८७१ मध्ये उघडलेलं हे लंबवर्तुळाकार सभागृह दिसायला भव्य आहे, त्यात पाच हजारांवर माणसं मावतात, पण आवाजाच्या दृष्टीने ते जन्मतःच अवघड होतं. उद्घाटनाच्या भाषणातच शब्द घुमटाला आपटून परत येऊ लागले. पुढची जवळजवळ शंभर वर्षं तिथे वाजवलेला प्रत्येक मोठा सूर दोनदा ऐकू यायचा. १९६९ साली घुमटाखाली फायबरग्लासच्या शंभराहून अधिक मोठ्या चकत्या टांगल्या गेल्या. त्यांच्यावर आदळून आवाज विखुरतो आणि प्रतिध्वनी मंदावतो. आकारामुळे लोक त्यांना अळंबी म्हणतात. छायाचित्रांत छताखाली तरंगताना दिसतात त्या याच.

एवढ्या मोठ्या जागेतला आवाज कानात नीट पोचवणं हे प्रक्षेपण करणाऱ्यांचं मोठं कसब आहे. संचालकाच्या डोक्यावर, उंचावर मुख्य मायक्रोफोन टांगलेले असतात. ते ऑर्केस्ट्राचं एकूण चित्र पकडतात: पहिली व्हायोलिनं डावीकडे, चेलो आणि बास सहसा उजवीकडे, मागे पितळी वाद्यं, त्यांच्यामागे तालवाद्यं. याशिवाय वेगवेगळ्या वाद्यगटांजवळ, एकल वादकाजवळ आणि गायकवृंदापुढे स्वतंत्र मायक्रोफोन असतात. सभागृहाचा श्वास, टाळ्या आणि मोकळी हवा पकडायला आणखी काही, श्रोत्यांच्या दिशेने लावलेले. हे सगळे आवाज सभागृहाबाहेरच्या एका लहानशा खोलीत येतात. तिथे ध्वनिसंतुलन करणारा तंत्रज्ञ बसतो आणि शेजारी निर्माता रचनेची पूर्ण स्वरलिपी उघडून ओळीओळीने पुढे जात असतो. आता दोन मात्रांनी ओबोचा एकट्याचा तुकडा येणार, हे त्याला आधीच सांगावं लागतं. फार हात घातला, तर ऑर्केस्ट्रा कृत्रिम वाटतो. अजिबात घातला नाही, तर बासरी तुतारीखाली गाडली जाते.

आणि मग शांततेचा प्रश्न येतो. ऑर्केस्ट्राचा सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांत प्रचंड अंतर असतं. बहुतेक रेडिओ केंद्रं हळू आवाज वर ओढून आणि मोठा आवाज खाली दाबून सगळं एका पातळीवर आणतात, म्हणजे गाडीत किंवा स्वयंपाकघरात गाणं सहज ऐकू येतं. अशाने सिम्फनीचा जीव जातो. रेडिओ ३ ही दाबादाबी शक्य तितकी टाळतं. त्यामुळे श्रोत्यालाच थोडं काम करावं लागतं: आवाज एकदा पुरेसा मोठा लावायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. रेडिओ केंद्रांवर दीर्घ शांतता पडली, तर प्रक्षेपण तुटलं असं समजून आपोआप पर्यायी ध्वनिमुद्रण सुरू करणारी यंत्रणा असते. २००४ च्या जानेवारीत बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राने लंडनच्या बार्बिकन सभागृहात जॉन केजची '४ मिनिटं ३३ सेकंद' ही एकही सूर न वाजवण्याची रचना सादर केली, तेव्हा रेडिओ ३ ला ती यंत्रणा मुद्दाम बंद ठेवावी लागली होती.

मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. डबल बासची नेहमीची सर्वांत खालची तार सेकंदाला साधारण ४१ कंपनांची असते आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरमध्ये एवढा खर्ज उमटतच नाही. अल्बर्ट हॉलच्या ऑर्गनला ९,९९९ नळ्या आहेत. बत्तीस फुटी नळीचा सर्वांत खालचा सूर सुमारे १६ कंपनांचा असतो, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेच्याही किंचित खाली. सभागृहात तो छातीत जाणवतो. चांगल्या हेडफोनवर तो पुरता मिळणार नाही, पण त्याच्या वरचं बरंच काही मिळेल.

थेट प्रक्षेपणच का ऐकावं, नंतर ध्वनिमुद्रण का नाही, याचं उत्तर २१ ऑगस्ट १९६८ च्या रात्रीत आहे. त्या रात्री प्रॉम्समध्ये सोव्हिएत संघाचा राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा यायचा होता. संचालक होते येवगेनी स्वेतलानोव, चेलोवर मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच, आणि कार्यक्रमात ठरलेली रचना होती ड्वोरझाकचा चेलो कॉन्चेर्तो, म्हणजे एकल चेलो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना. ड्वोरझाक चेक संगीतकार. त्याच दिवशी सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले होते. सभागृहाबाहेर निदर्शनं चालू होती, आत निषेधाच्या घोषणा झाल्या. रोस्त्रोपोविच यांनी डोळ्यांत पाणी असतानाच वाजवायला घेतलं आणि पुढच्या पाऊण तासात एका रशियन वादकाने एका चेक रचनेत आपलं सगळं दुःख ओतलं. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे आणि त्यात सुरुवातीचा गदारोळही ऐकू येतो. ज्यांनी ते त्या क्षणी रेडिओवर ऐकलं, त्यांना पुढे काय होणार, हे ठाऊक नव्हतं. थेट प्रक्षेपणाचं मोल या न कळण्यात आहे.

अशीच एक वेगळी रात्र १ सप्टेंबर २०११ ची. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता इस्रायल फिलहार्मोनिकसह प्रॉम्समध्ये आले होते. पॅलेस्टाईनच्या बाजूने निदर्शनं करणाऱ्यांनी सभागृहात घोषणा दिल्या आणि रेडिओ ३ ला थेट प्रक्षेपण थांबवावं लागलं. सभागृहात मैफल मात्र मेहता यांनी पूर्ण केली.

मराठी श्रोत्याला हे संगीत अगदी परकं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. हिंदी आणि मराठी चित्रपटगीतांमागची व्हायोलिनं आपल्या कानात लहानपणापासून आहेत आणि ती वाजवणारे, त्यांची मांडणी करणारे अनेक हात गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांना ऑर्केस्ट्राचा भरजरी पोत दिला. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. याच गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात शंभरावर वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवर आधारलेल्या रचना वाजवल्या, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. खुद्द अल्बर्ट हॉललाही लतादीदींचा आवाज ठाऊक आहे. मार्च १९७४ मध्ये त्या तिथे रेन ऑर्केस्ट्राच्या साथीने गायल्या. ती प्रॉम्सची मैफल नव्हती. पण २८ जुलै २०२३ रोजी प्रॉम्सची एक पूर्ण रात्र त्यांच्या गाण्यांना वाहिलेली होती. पलक मुच्छल गायल्या आणि साथीला बर्मिंगहॅमचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा होता. त्या रात्री न्यूमन यांची मूळ कल्पना, ओळखीच्या सुरांवरून अनोळखी सुरांकडे जाण्याची, उलट्या दिशेनेही चालते, हे दिसलं. ऑर्केस्ट्राचे नेहमीचे श्रोते तिथून लताबाईंकडे गेले असतील, आपण लताबाईंच्या गाण्यातल्या व्हायोलिनवरून सिम्फनीकडे जाऊ शकतो.

एका गोष्टीची तयारी असावी. आपल्या मैफलीत समेवर दाद जाते, एखादी हरकत आवडली की 'क्या बात है' निघून जातं. सिम्फनीचे सहसा चार भाग असतात आणि दोन भागांमध्ये शांतता पाळण्याचा रिवाज आहे. प्रॉम्सचे श्रोते मात्र मोकळे असतात, भाग संपल्यावर टाळ्या पडल्या, तर कोणी डोळे वटारत नाही. ऑर्केस्ट्रासमोरच्या ऐन मोक्याच्या जागेत खुर्च्या नाहीत. तिथे श्रोते उभे राहून ऐकतात आणि अलीकडच्या हंगामांत आठ पौंडांच्या आसपास मिळणाऱ्या त्या तिकिटावर माणूस वादकांपासून काही पावलांवर असतो. पियानोचं झाकण उघडताना ही मंडळी एकसुरात आरोळी ठोकतात. रेडिओवर ती ऐकू आली की समजावं, पियानो कॉन्चेर्तो येतोय.

त्याच शनिवार-रविवारी ज्यांना रात्री जागणं जमत नाही, त्यांच्यासाठी अटलांटिकपलीकडे टँगलवुड आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या डोंगराळ भागात बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं हे उन्हाळी घर. १९३७ च्या ऑगस्टमध्ये तिथे तंबूत वाग्नरची मैफल चालू असताना वादळी पाऊस आला, गडगडाटात वादन थांबवावं लागलं. गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ यांनी तिथल्या तिथे पक्क्या छपरासाठी निधी मागायला सुरुवात केली आणि वर्षभरात, ऑगस्ट १९३८ मध्ये, पाच हजार आसनांचा, बाजू उघड्या असलेला मांडव उभा राहिला. तरुण झुबिन मेहता १९५८ मध्ये याच ठिकाणी संचालन शिकायला गेले होते. शनिवारी रात्री आठची तिथली मैफल बोस्टनच्या रेडिओवरून प्रक्षेपित होते, तेव्हा भारतात रविवारची पहाट, साडेपाच वाजलेले असतात. बाजू उघड्या असल्याने मायक्रोफोनमध्ये पाखरं आणि रातकिडेही येतात.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने एवढंच करावं. प्रॉम्सच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या शनिवार-रविवारची नावं पाहावीत, त्यांतली एकच सिम्फनी निवडावी आणि ती आठवड्यात एकदा ध्वनिमुद्रणावर ऐकून ठेवावी. मग ठरलेल्या रात्री हेडफोन लावून थेट ऐकावी, मध्यंतरातली चर्चाही सोडू नये, कारण रेडिओ ३ वर त्या वीस मिनिटांत रचनेविषयी पुष्कळ काही कानावर पडतं. झोप आली, तर मैफल अर्ध्यात सोडायला हरकत नाही, दुसऱ्या रात्री बारा वाजता पुढची मैफल असतेच.